सेगुलाच्या वाटचा मलिदा

प्रिय मिल्का,

तुझा मेसेज वाचला. विमानं सुरू झाली, सुट्टी मिळाली, आईला भेटायला येतेस. वाचून मी काय केलं सांगू? भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली. फोनवर हे बोलता येत नाही, स्क्रीनवर तुझं नाव दिसलं की आई फोन माझ्या हातातून ओढतेच. म्हणून कागदावर लिहून पानांचे फोटो पाठवतेय. एकटीच वाच. भाऊजींना दाखवू नको.

बाबा अलिबागकडून खाणीत इलेक्ट्रिशियन म्हणून इथं आले आणि माजरीत बेने इस्राएलांचं, गावाच्या भाषेत ज्यू लोकांचं, आपलं एकच घर झालं. दारावर देववचनाची डबी, मझुझा, दारासमोर कोळशाचे ट्रक. प्रार्थनेला लागतात ते आपले दहा पुरुष इथं कधी जमलेच नाहीत, म्हणून आपल्या नवसाला पावणाऱ्या एलियाहू हन्नाबीचा मलिदा आई आपली आपणच करायची. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, फळं. आधी तो सणावारी व्हायचा. लढाई पेटल्यापासून तुझ्याकडे इस्रायलात, अश्दोदला सायरन वाजला की इथं पोहे भिजतात. नारळ आणते मी, खोवते मी, आणि नवस तुझा! मग तुझ्या पोराला, एतानला पलटणीत बोलावलं, तोही नवसात आला. मग टीव्हीवर गाझातली पोरं पाहून आई रडली आणि म्हणाली, देवा, पलीकडच्याही लेकरांना राख. बरोबरच आहे बापा, मीही रडले. पण खरं सांगते, त्या लेकरांचाही नंबर माझ्या आधी लागला, हे माझ्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही. त्या नवसात मी कुठंच नव्हते गं.

गावात तर विचारूच नको. किराणावाला अंकुश म्हणतो, बाई, तुमच्या लोकायनं दाखवलं ना! आणि माझ्या शाळेतली, माझ्यासोबत शिकवणारी रंजीता मॅडम डबा उघडता उघडता म्हणते, तिथल्या लेकरायचं काय चुकलं होतं, सांगा मले. दोघांनाही जबाब माझ्याकडूनच पाहिजे. मी जन्मात माजरी-भद्रावती-चंद्रपूरच्या पुढं फारशी गेले नाही, मी काय सांगू? तुझं बरं आहे. तू मोर्चात जातेस, सरकारला शिव्या देतेस, पोरासाठी रडतेस, आणि ते सगळं तुझं असतं. माझ्या वाट्याला नुसते प्रश्न येतात. मला त्याचाही हेवा वाटतो. हस तू.

आई थोडं थोडं विसरते असं मी तुला सांगत आले. थोडं नाही ते. तुझ्या गावचा सायरन वाजवणारं ॲप तिनं हट्टानं माझ्या फोनात टाकायला लावलं, आणि तो आवाज तिच्या डोक्यातच बसला. आता दुपारी खाणीत सुरुंग उडवायच्या आधी भोंगा झाला की तिला वाटतं रॉकेट आलं. तोच भोंगा गं, ज्याच्यावर आपण लहानपणी पाटीवर पाणी मारून जेवायला बसायचो. भोंगा, मग धमाका, मग मांडणीवरचे पेले वाजायचे आणि तू मोठ्यानं हसायचीस.

जूनमध्ये तुझा फोन लागत नव्हता, त्या दिवसांतली गोष्ट. मी कणीक मळत होते. भोंगा झाला तशी आईनं मला तशाच हातांनी न्हाणीत ओढलं, कोपऱ्यात बसवलं, पदर माझ्या डोक्यावर टाकला आणि अंगावर वाकली. घाबरू नको गो मिल्का, मी आहे ना, म्हणाली. मिल्का नाही, सेगुला, असं अगदी ओठांवर आलं होतं. पन्नाशी उलटलेली बाई मी, आईच्या काखेत डोकं खुपसून बसून राहिले. बाहेर शेजारच्या सत्यशीलाबाई दार वाजवून थकल्या, काऊन वो मॅडम, काय झालं, बोला ना!

तेव्हापासून मी मिल्काच आहे. दुधावरची साय मला, केसांना तेल मला, झोपताना पाठीवर हात मला. हे मिळत होतं होय तुला? काय चैन होती गं तुझी! आणि वरून चिठ्ठ्यांतून लिहायचीस, घरची आठवण येते. येणारच. मी बेशरमासारखी तुझ्या नावाला ओ देते.

आता खरं सांगते, हे सगळं काऊन लिहिलं. गेल्या शुक्रवारी दिवा लावल्यावर आईनं मलिद्याची एक वाटी झाकून बाजूला ठेवली. कुणाची म्हणून विचारलं, तर डोळे पुसत म्हणाली, सेगुलाची. ती तिकडं माजरीत एकटी आहे गो, तिथं रोज भोंगा होतो, जमीन हादरते, तिला जवळ घेणारं कुणी नाही. जवळची मी मिल्का झाले, तशी लांबची लेक सेगुला झाली. तेव्हापासून रोज ती वाटी ठेवते. रोज एलियाहू हन्नाबीला माझं नाव घेऊन सांगते, माझ्या सेगुलाला सुखरूप घरी आण. मिल्का, अख्ख्या जन्मात पहिल्यांदा आई माझी वाट पाहतेय. तू दारात उभी राहिलीस की मी पुन्हा घरातली सेगुला होईन, आणि घरातल्या सेगुलासाठी कुणी वाटी झाकून ठेवत नाही. म्हणून पाया पडते, तिकीट पुढं ढकल. दारफळणीचा उपास, तुमचा तिकडचा योम किप्पूर, होऊ दे, मग ये. तोवर मला लांबच राहू दे. आईचा डोळा लागला की मी ती वाटी खाऊन टाकते आणि ती उठली की सांगते, पोचती केली. मग ती विचारते, पोटभर खाल्लं का गो तिनं? मी म्हणते, हो आई, पोटभर.

तुझीच, सध्या तुझ्याच नावानं जेवणारी,
सेगुला