अकुत्सूबरोबर ओकामाला

प्रिय नाओए,

बसने ताईकडे जाते असं तुला सांगून निघाले, ते खोटं होतं. पोचले ताईकडेच, पण डोंगर चढून, ओकामा तळ्यावरून. आणि सोबत अकुत्सू होता. रागावू नकोस. त्याच्या चष्म्याच्या दुकानात मीच फोन केला होता. त्याच्याशी बोलताना तुझा आवाज कसा खाली येतो, ते सासूच्या कानांना कळतं गं.

मी मुद्दाम खडी वाट धरली. सेंदाई शहरातला माणूस, पायात कोरे करकरीत बूट. "जपून हो, चिखल लागेल," असा टोमणाही मारला. तो नुसता हसला. पण वरच्या दगडगोट्यांत माझा गुडघा आखडला, तेव्हा त्याने हात पुढे केला नाही की धीराचे चार शब्द ऐकवले नाहीत. माझ्या मागे आला आणि माझ्याच चालीने चालत राहिला. आपल्या रेइजीला हे कधी जमलं नाही. तो केव्हाच वर पोचून आपल्या दोघींना हाका मारत असायचा.

काठावर पोचलो तेव्हा धुकं सरकत होतं. खाली तळं, दुधात हिरवा रंग कालवावा तसं. वारा उभं राहू देईना, म्हणून दगडाआड बसून भाताचे गोळे खाल्ले. तिथे त्याने विचारलं, "काकू, तुमचा रेइजी कसा होता?" नाओए, तो गेल्यापासून तीन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. त्याचं नाव निघालं की शेजारीपाजारी हवापाण्यावर येतात. आपण दोघीही सकाळी त्याच्या फोटोपुढे भात ठेवतो आणि गुपचूप कामाला लागतो. मी बोलत सुटले. त्याचं घोरणं, त्याचा हट्टीपणा, इस्पितळात ऐन बर्फात त्याने मागितलेलं कलिंगड. अकुत्सूच्या हातातला घास हातातच राहिला.

मग मीच म्हटलं, "तुमचं घोडं अडलंय कुठे?" तो म्हणाला, "ती म्हणते, आई आहेत तोवर हा विषय नको."

"म्हणजे माझ्या मरणाची वाट बघत बसायचं दोघांनी? माझी आई त्र्याण्णव वर्षं जगली, बाबा!" तो हसला नाही. मलाही मग हसू टिकवता आलं नाही.

पलीकडच्या अंगाने उतरलो. ताईने अळकुड्यांचं कालवण केलं होतं. "तुमच्या सेंदाईकडे यात आंबवलेल्या सोयाबीनचा मिसो घालतात म्हणे. शी!" ती म्हणाली. अकुत्सूने तीन वाट्या संपवल्या आणि "आमचंच चुकतं" अशी कबुली दिली. ताई खूश.

हे सगळं तुझ्यासमोर बोलायला गेले असते, तर तू रडली असतीस आणि मी माघार घेतली असती. म्हणून लिहिते. मी आता ताईकडेच राहणार आहे. तिलाही सोबत हवीय, आणि माझी तक्रार नाही. घर तुझंच आहे. रेइजीचा फोटो आहे तिथेच राहू दे. अकुत्सूची हरकत नाही, मी विचारलंय. हे पत्र उद्या तोच घेऊन येईल. माझं कारण सांगून त्याला दारातून परत पाठवू नकोस.

तुझीच,
आई