तिसऱ्या वॉर्डाची रेघ

३ फेब्रुवारी
जनगणना झाली, म्हणून वॉर्डांच्या हद्दी नव्याने आखायच्या. काम कौन्सिलने माझ्याकडे सोपवले. संकल्प: निर्विकार तटस्थता. शेजारचा गस टॉलिव्हर यंदा माझ्याविरुद्ध उभा राहणार म्हणे. त्याचा नकाशाशी संबंध नाही.
बायकोचे, व्हर्नाचे, तेच तुणतुणे: दारासमोरच्या रस्त्यातला खड्डा. फेरनिवडीनंतर लगेच बुजवणार.

११ फेब्रुवारी
नकाशा सिद्ध. टॉलिव्हरचे घर दुसऱ्या वॉर्डात गेले. भूगोलापुढे इलाज नाही. माझा तिसरा वॉर्ड मेथडिस्ट चर्चपासून निघून, वळणे घेत, वृद्धाश्रमाला कवटाळतो. तिथे मी दर ख्रिसमसला केक वाटतो. व्हर्ना म्हणाली, "वॉर्ड आहे की वाळत घातलेला पायमोजा?" बायकोला रेखाटनातली दृष्टी नाही.

२ मार्च
एकमताने मंजूर. टॉलिव्हरनेही टाळ्या वाजवल्या. पराभूताचे औदार्य.

२१ ऑगस्ट
सिटी क्लार्क नदीनबाईंनी उमेदवारी अर्ज परत केला. म्हणाल्या, "एल्रॉय, तू तिसऱ्या वॉर्डात राहतच नाहीस रे." टॉलिव्हरला वगळणारी रेघ आमच्या अंगणातून गेली आहे. गॅरेज तिसऱ्यात, घर दुसऱ्यात. कोणत्या गाढवाने आखली, असे विचारले. त्यांनी नकाशाखालची माझी सही दाखवली.

२२ ऑगस्ट
माणूस झोपतो तिथे त्याचा निवास. पलंग गॅरेजमध्ये हलवला. व्हर्ना म्हणाली, "चला, घोरण्याचा तरी वॉर्ड बदलला!"

२४ ऑगस्ट
नियम: वर्षभर आधीपासून तिथे झोपायला हवे. दुसऱ्या वॉर्डात उभे राहावे, तर अर्जाची मुदत कालच संपली. तिथे टॉलिव्हर एकटा. पाठ धरली आहे.

७ नोव्हेंबर, मतदान
निराशा नाही. छापील नाव पसंत नसेल, तर आपल्याकडे मतपत्रिकेवर हाताने दुसरे लिहिता येते. घटनाकारांची दूरदृष्टी! मी माझे लिहिले. महिनाभर घरोघर सूचकपणे बोललो आहे. केंद्राबाहेर व्हर्ना गालात हसली. लाट आहे.

८ नोव्हेंबर
टॉलिव्हर विजयी. हाताने लिहिलेली मते: एक.
व्हर्नाला जाब विचारला. म्हणाली, "गसने खड्डा बुजवायचं कबूल केलंय. तू बारा वर्षं काय केलंस?"
दुपारी तो स्वतः फावडे घेऊन आला. अर्धा खड्डा गुळगुळीत केला आणि थांबला. उरलेला अर्धा, गॅरेजसमोरचा, मी बोटाने दाखवला.
"तो तिसऱ्या वॉर्डात येतो, एल्रॉय," तो म्हणाला. "तिथे माझं काही चालत नाही."