इब्राहिमच्या फळीवर माझा पाव

६ जानेवारी १९३८, गुरुवार.
इब्राहिमला भर बाजारात सुनावले. जवळपास बेकरी त्याची एकट्याची, म्हणून पाव लहान करायचा? मी रेल्वेचा पार्सल क्लार्क. वजनातले मला कळते. तर म्हणे, बाबू, येवडं कळतंय तर घरीच भाजा की. लोक हसले. तिथल्या तिथे पैज लावली. रविवारी घरचा पाव त्याच्या फळीवर ठेवीन. न जमल्यास येता-जाता त्याला सलाम ठोकीन.
पीठ आणि पाणी. त्यात कसली विद्या?

७ जानेवारी, शुक्रवार.
पीठ मळले. इब्राहिम ताडीने फुगवतो. ताडी आमच्या घरात येणार नाही. आंबोळीचे आंबलेले पीठ घातले. कल्पना माझीच, फक्त कस्तुरा आधी बोलली. (बायकोला धीर नाही.)
संध्याकाळ. पीठ ढिम्म. वलवणच्या धरणावरून गार वारा येतो, त्याचा दोष. कंपनीच्या कोटात गुंडाळून चुलीपाशी ठेवले.

८ जानेवारी, शनिवार.
फुगले! पण कोटाच्या बाहीत. निघेना. तसाच ड्यूटीवर. बाही वाळून टणक झाली. स्टेशनमास्तरांनी विचारले, हात मोडला काय? होय म्हणालो. दुपारी सुटेपर्यंत हलके काम मिळाले. पावाचा हा फायदा इब्राहिमला ठाऊक नसेल.
दुपार. उरलेले पीठ डब्यात घालून खाली-वर निखारे ठेवले. बाहेरून कोळसा, आतून खळ. शेजारच्या झुंबरबाईंनी म्हशीपुढे टाकला. म्हैस हुंगून बाजूला झाली. तिला पावाची सवय नाही.
संध्याकाळ. पुन्हा मळले. कस्तुरा नानकटाई भाजायला इब्राहिमच्या भट्टीवर निघाली होती. म्हणाली, पावही नेऊ का? मी गरजलो, प्राण गेला तरी नाही! ती ताटात नानकटाई मांडू लागली. पटले असावे. डबा मंद निखाऱ्यावर ठेवून पडलो. कोट भिजत घातल्यामुळे सर्दी.

९ जानेवारी, रविवार.
पाव झाला! फुगलेला, तांबूस. मंद आच, हेच गुपित. आता रोज घरचाच पाव.
छाती काढून बाजारात गेलो, फळीवर आपटला. इब्राहिमने दाबला, हुंगला, तुकडा खाल्ला. मग मोठ्याने म्हणाला, बाबू जिंकले बरं का, लय झकास भाजलाय. लोकांनी शाबासकी दिली. निघताना त्याने कागदात गुंडाळून काहीतरी दिले, वैनींना द्या म्हणाला. हरलेल्या माणसाची भेट. मी उदारपणे घेतली.
घरी उघडले. आमचेच पितळी ताट. काठावर माझे संपूर्ण नाव कोरलेले, मधे पावाची साल चिकटलेली.
कस्तुरा म्हणाली, तुम्ही झोपला होता, निखारे विझले होते, पीठ वाया जाईल म्हणून नेलं.
ठीक. पीठ तर माझेच होते. मळलेही मीच. ती म्हणाली, इब्राहिमभाईंनी पुन्हा मळलं.
त्याला सगळे ठाऊक होते आणि चार लोकांत तो एक शब्द बोलला नाही. याचाच मला राग आला. बोलला असता तर भांडता आले असते.

१० जानेवारी, सोमवार.
ड्यूटीमुळे पाव भाजायला सवड नाही. इब्राहिमकडचा आणला. लहानच आहे.
दुकानापाशी हात कपाळाकडे गेला. टोपी नीट करत होतो.
इब्राहिमनेही टोपी नीट केली.