बैलांना पाणी कुणी पाजलं

रवि., ७ जाने. १९६८. एरंडोल

चर्चमधल्या उपासनेनंतर बायबलातल्या छायांचा वर्ग. जुन्या करारात सावली, नव्या करारात ती पाडणारा देह. इतकी वर्षं हेच सांगतोय, जीभ आता आपोआप चालते. आज रानात खांबावर चढवलेला पितळेचा साप घेतला, म्हणजे वधस्तंभाची छाया. म्हातारी मंडळी खूश, मी नाही. हल्ली जिकडे बघावं तिकडे छायाच दिसतात. परवा बापामागून मोळी घेऊन चाललेला पोरगा बघितला आणि बापानं बळी द्यायला नेलेला इसहाक आठवला. सगुणा म्हणते, तुम्हाला विश्रांती हवी. बायकोच ती, दुसरं काय म्हणणार.

मंगळवारी भडगावचे शांतवनआबा येणार. त्यांचा पुतण्या वसंत, धुळ्याला मोटार दुरुस्तीच्या कामावर. आमच्या सलोमीसाठी बोलणी. जमलं तर बरं. चोविशी उलटली पोरीची, आणि आपल्या ख्रिस्ती मंडळीतली मुलं बोटावर मोजण्याइतकी.

मंगळ., ९

आबा कापूस सरकी काढायला जिनात टाकून संध्याकाळी आले. बैल हौदापाशी सोडले, स्वतः अंगणात खाटेवर. सलोमीनं चहा दिला. आबांचं लक्ष चहात नव्हतं, सारखे हौदाकडे बघत होते. उठताना माझे हात धरले, डोळे भरलेले.

"माले बठ्ठं समजी गयं, मास्तर. पोर आमनीच शे."

मला वाटलं, चहा आवडला, म्हणून पोर आमचीच म्हणतात.

गाडी जुंपताना आबांकडून खरं कळलं. नाताळात भडगावला मी रिबकेचा पाठ घेतला होता. अब्राहामाचा चाकर धन्याच्या मुलाला बायको बघायला निघतो, विहिरीवर मागणं करतो: जी मला पाणी देईल आणि न सांगता उंटांनाही पाजील, तीच ती. चाकर म्हणजे आत्मा, नवरी म्हणजे मंडळी, असं मी उलगडून सांगितलं होतं. आबांनी वाटेत तेच मागणं केलं. उंटांच्या जागी बैल. आणि एक पोर बादलीमागून बादली ओतताना त्यांनी पाहिली.

अंगावर काटा आला. आनंदही झाला, खोटं कशाला लिहू.

बुध., १०

सकाळी सलोमीला सांगितलं. ती म्हणाली, मी कुठे पाजलं? मी तर चुलीपाशी होते.

पाणी झुबेदानं पाजलं. शेजारच्या पिंजाऱ्याची मुलगी. हौद कोरडा, बैल त्यात तोंड घालून उभे, तिला दया आली, बस. आबांना मोतीबिंदू. ओढणीचा रंग तेवढा दिसला असेल.

म्हणजे दृष्टी गेलेला म्हातारा आणि आशीर्वाद भलत्याच लेकराला. हेही शास्त्रात आहेच, म्हाताऱ्या इसहाकाचं! वेड लागायची पाळी.

सलोमी आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "खूण झुबेदाची आणि लग्न माझं?"

सगुणाचं मत, गप्प बसावं. मुलगा निर्व्यसनी आहे, कमावता आहे, खूण गेली खड्ड्यात. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

शुक्र., १२

भडगावहून निरोप. आबांनी प्रार्थनासभेत उभं राहून साक्ष दिली. मंडळी रडली म्हणे. आता तिथे सलोमीला रिबकाच म्हणतात. पाळकसाहेबांनाही पटलंय.

जेवण गेलं नाही. मी सांगितलं नाही तर माझं सगळं शिकवणं थोतांड. सांगितलं तर पोरीचं ठरलेलं मोडणार, तेही माझ्या तोंडानं. सगुणा दोन दिवस भांड्यांशीच बोलतेय.

रवि., १४

आजचा पाठ वल्हांडणाचं कोकरू, थोरल्या लेकरांऐवजी कापलेलं. मधेच थांबलो. कुणीतरी पाणी आणून दिलं. पाणी बघून आणखीच तो हौद डोळ्यांपुढे…

सोम., १५

शाळेत रजा. सकाळच्या गाडीनं भडगाव. आबा ओसरीवर सरकी निवडत होते. सगळं सांगून टाकलं, झुबेदाच्या नावासकट. सरकी निवडणं त्यांनी थांबवलं नाही. मला वाटलं, ऐकलंच नाही.

मग म्हणाले, "बठ्ठी मंडळीसमोर साक्ष दिन्ही शे मी. आते काय सांगू? देव चुकना का मी चुकनू?"

मी म्हटलं, चूक माझ्या शिकवण्यात असेल. गोष्ट घडून गेल्यावर तिची छाया ओळखायची असते, आपणच छाया आखून देवाला तीत उभं करायचं नसतं. हे वर्गात कधी बोललो नव्हतो, तिथे ओसरीवर सुचलं. आबांना ते रुचलं नाही. चहा विचारला नाही. निघताना एवढंच: आठ दिवसांत काय ते कळवा, वसंताला दुसरीकडूनही विचारणा आहे.

म्हणजे मोडलं नाही. सुटलोही नाही. परतीच्या गाडीत त्या वसंताचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. जावई करायला निघालो होतो.

बुध., १७

पाठाची तयारी म्हणून रिबकेचा तोच अध्याय परत काढला. खूण मिळाली, दागिने दिले, भावानं होकार दिला, इथवर मी नेहमी शिकवतो. पुढे घरचे लोक म्हणतात, मुलीला बोलावून तिलाच विचारू. तेव्हा ती स्वतः सांगते, जाईन. हा भाग मी कधी शिकवलाच नाही. त्यातून कसली छाया काढावी ते सुचायचं नाही, म्हणून ओलांडून जायचो. लाज वाटली.

सलोमी अंगणात वाळवण उचलत होती. तसाच बाहेर गेलो. म्हटलं, आबांचं राहू दे, खुणेचं राहू दे, आईचंही राहू दे. तुला वसंताकडे जायचंय का?

सूप खाली ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी तिचा ताप मोजताना बघायची तशी.

"बाबा, हे तुम्ही विचारताय, की शास्त्रात विचारलंय म्हणून विचारताय?"

आत येऊन हे लिहितोय. वाळवण उचलून झालंय, तरी ती अजून अंगणातच थांबलीय, उत्तरासाठी.