बोगद्याचं प्रकरण

३ जून
पोचले एकदाची! शहरात पहिली आगगाडी आणणाऱ्या घराण्याचा इतिहास मी लिहिणार, अजून खरं वाटत नाही. घर टेकडीला टेकून उभं. माझी अभ्यासिका तळमजल्यावर. खिडकी नाही, मागची भिंत थेट कातळाला भिडलेली, पण टेबल ऐसपैस. घराची सूत्रं वहिनीसाहेबांकडे. मूळपुरुषाला सगळे लाडानं ‘रेल्वेआजोबा’ म्हणतात.

७ जून
दोन प्रकरणं हातावेगळी: रेल्वेआजोबांचा पहिला रूळ आणि आजींच्या मेजवान्या. तिसरं बोगद्याचं. त्याचे कागद मागितले, तर वहिनीसाहेब म्हणाल्या की बोगदा झालाच नाही, गाडी टेकडीला वळसा घालून नेली. मग जुन्या नकाशात तो अर्धा खणलेला कसा?

११ जून
पुन्हा तेच. वहिनीसाहेब म्हणतात, कागदांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या दिराकडे, धाकट्या साहेबांकडे. धाकटे साहेब म्हणतात, वहिनींकडे. माझा नुसता चेंडू झालाय. त्यात भिंतीमागे दिवसभर ठकठक, एक ओळ धड लिहू देत नाही. माळीबुवांना विचारलं, कसलं काम चाललंय? त्यांनी झारी खाली ठेवली आणि चालू लागले.

१४ जून
वैतागून रेल्वेच्या जुन्या कचेरीत गेले. हजेरीपट मिळाला. बोगद्यात एकोणचाळीस मजूर गेले, दरड कोसळली. आतून ठोकल्याचा आवाज येतोय, असं मुकादमानं तीन दिवस लिहिलंय. चौथ्या दिवशी, बोभाटा नको म्हणून, रेल्वेआजोबांनी बोगद्याचं तोंड चिणून घेतलं. वर्षभरात त्याच जागेवर हे घर उभं राहिलं.

ती चिणलेली भिंत माझ्या पाठीमागे आहे.

१५ जून
हजेरीपटातली नावं मोठ्यानं वाचली. एका नावाला एक ठक. एकोणचाळीस. मग थांबले — तरी आणखी एक.

हे चाळिसावं कोण?

१६ जून
रागाच्या भरात वहिनीसाहेबांना सांगून टाकलं, हे प्रकरण मी गाळणार नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या आधीच्या लेखकाचंही हेच म्हणणं होतं. त्यांना आम्ही इथेच ठेवून घेतलं.”

हसले मी. मूर्ख.

१७ जून, सकाळ
अभ्यासिकेचं दार बाहेरून बंद. हाका मारल्या. कुणी —

दुपार
दाराबाहेर थापी घासल्याचा आवाज. विटा रचताहेत. मागून ठकठक, जवळ, अगदी जवळ —

मीही ठोकतेय. बाहेर वहिनीसाहेब गवंड्याला सांगताहेत, चुना नीट भर. शब्द न् शब्द ऐकू येतोय. म्हणजे माझं ठोकणंही त्यांना —