कावळ्याला दिलेला शब्द

९ जानेवारी १९३७
शेवटी आज पुस्तक उघडलं. वय बेचाळीस, नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनाची, शिक्षण निजामाच्या शाळेत, सगळं उर्दूतून, आणि इंग्रजी पावतीपुरती. आता खात्याची इंग्रजीची परीक्षा द्यायची! कशामुळे? कावळ्यामुळे.

नंदाच्या दहाव्याला कुंडलिकेच्या काठी दोन तास बसलो. बायको जाऊन दहा दिवस झालेले, आणि पिंडाला कावळा शिवेना. झाडावर अकरा बसले होते. मी मोजले, कारकूनच मी. मेहुणे भुजंगराव म्हणाले, तिची काही इच्छा राहिली असेल, तोंडाने बोला. मला बोलायची सवय नाही. तिचं एकच टुमणं आठवलं — बद्रीनाथ तुमच्या हाताखालचा, कालचा मॅट्रिक, आणि साहेबाची पत्रं त्याच्याकडून वाचून घेता? तुम्हीच शिका की! म्हटलं, "शिकतो. परीक्षा पास होतो."

कावळा आला. अडकलो.

१४ जानेवारी
संक्रांत. यंदा तीळगूळ नाही. पन्नास क्रियापदं पाठ. पुट म्हणजे ठेवणे, गेट म्हणजे मिळणे. सोपं आहे.

१६ जानेवारी
सोपं नाही. पुटला ऑन जोडला की अंगात घालणे, ऑफ जोडला की पुढे ढकलणे, आउट जोडला की दिवा विझवणे, अप विथ जोडले की सोसणे. ठेवणं कुठेच राहिलं नाही! बद्रीनाथ म्हणतो, "काका, अर्थ लावत बसू नका. ऐकून ऐकून येतं." ऐकू कोणाचं? साहेब माझ्याशी दोनच शब्द बोलतात — येस आणि नो. त्यातही नो जास्त.

२ फेब्रुवारी
नाचक्की. साहेबांची चिठ्ठी आली, हसनाबादच्या व्यापाऱ्याच्या कापसाच्या गाठी 'होल्ड अप' करा. होल्ड म्हणजे धरणे, अप म्हणजे वर. बद्रीनाथला विचारलं नाही — आता मला वाचता येतं ना! वीस गाठी हमालांकडून वरच्या ओट्यावर चढवल्या. वरच्या ओट्यावरचा माल म्हणजे निघायचा माल. दुपारी मालगाडीच्या वाघिणीत भरून मनमाडकडे रवाना.

चिठ्ठीचा अर्थ होता, रोखून धरा.

हमालांचा मुकादम मच्छिंद्र घाम पुसत म्हणाला, "भाऊसाहेब, माल अडवायचा व्हता तर चढवला कायला?" प्रश्न बरोबर होता. साहेब बराच वेळ ओरडले. त्यातलं मला फक्त 'अप' समजलं.

११ फेब्रुवारी
सासूबाई वाटूरहून आल्या त्या इथेच आहेत, माझी भाकरी करायला. मी घोकतो ते ऐकतात. आज सांगितलं, लुक आफ्टर, शब्द बघितले तर 'मागे बघणे', अर्थ मात्र सांभाळणे. काय वेडी भाषा आहे! तर म्हणाल्या, "वेडी न्हाई, बराबर हाय की. मागं वळून बघितल्याबिगर माणूस संभाळता येतंय व्हय?"

परीक्षेला यांनाच पाठवावं.

मग वाटलं, आपण तरी वेगळं काय करतो. 'खाऊन टाका' म्हणतात, मी काही टाकत नाही. 'बसून घ्या' म्हणतात, घ्यायचं काय? लोक म्हणाले, नंदा मरून गेली. मेल्यावर आणखी गेली कुठे?

हे लिहायला नको होतं. पुट ऑन, पुट ऑफ, पुट आउट.

५ मार्च
चुलीकडे तोंड करून मोठ्याने विचारलं, "कॅरी ऑन म्हणजे काय, सांग बरं." सासूबाई तिथेच होत्या. त्यांना मी अहो-जाहो करतो. त्या भाकरी थापत राहिल्या.

रोज विचारतो, हे त्यांना आजच कळलं असेल असं नाही.

२८ मार्च
आता येतं! साहेब कोणाशी बोलत असले की अर्थ आपोआप कानात उतरतो. बद्रीनाथने वीस विचारले, एकोणीस बरोबर. त्याने पाठ थोपटली. हाताखालच्या माणसाने!

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "लई चांगलं झालं, जावईबापू. पास झालात की पोरगी सुटली बगा. मंग तिचं हितलं काई राहत न्हाई."

बरं म्हटलं. जेवण गेलं नाही.

११ एप्रिल
उद्या परीक्षा, औरंगाबादेस. सासूबाईंनी दशम्या बांधून दिल्या.

१२ एप्रिल
पेपर सोपा होता. सगळं येत होतं. नाव लिहिलं आणि बाकी कोराच देऊन आलो. सहा महिन्यांनी पुन्हा बसता येतं. बाहेर पडताना दोनदा विचारून खात्री करून घेतली.