हात निवडलात तुम्ही

अप्पा,

'प्रिय' लिहीत नाही. तुम्हालाही ते खोटं वाटलं असतं.

आज वहिनीने तांदळाचा डबा उपसला. तळाशी तुमच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली. ती हसत म्हणाली, "ताई, अप्पांनी तांदळातबी औषध पेरलं व्हतं बघा." मला हसू आलं नाही. तुम्ही होता तेव्हा हीच पाकिटं मी घरभर शोधली होती. म्हणून लिहिते आहे.

हात थरथरू लागला तेव्हा तुमची सत्तरी उलटली होती. गळ्यात माळ, जन्मात दारूचा थेंब नाही. पण कोळवणच्या एसटी थांब्यावर तुमची चहाची बशी हिंदकळली आणि जनाभाऊ ओरडले, "अप्पा, सकाळीच टाकली व्हय?" सगळे हसले. त्या दिवसापासून तुम्ही डॉक्टरांनी थरथरीवर दिलेली गोळी वाढवलीत. कुणाला न विचारता.

बावधनच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. मेंदूत ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन असतं. शिकायला, लक्षात ठेवायला ते लागतं. ही गोळी त्यालाच अडवते, म्हणून हाताची थरथर थांबते. उतारवयात आठवणही जाते. "आजोबा, हात हवा की आठवण?"

"हात." किती पटकन म्हणालात!

त्या आठवणीत माझंही काही होतं, अप्पा.

मी आठ वर्षांची होते. पडवीत सतराचा पाढा म्हणताना अडले आणि तुम्ही पाटीची कड माझ्या बोटांवर हाणलीत. डावी तर्जनी अजून वाकत नाही. डॉक्टरांना विचारलं, पाढा गेला आणि मार का राहिला? ते म्हणाले, भीतीत मेंदू जी रसायनं सोडतो ती माराची आठवण पक्की करतात; येत असलेलं उत्तरही त्या वेळी सापडत नाही. म्हणजे मी ढ नव्हते! चाळीस वर्षं मी स्वतःला ढ म्हणत आले. हे तुम्ही कधी सांगणार होता?

पुढे तुम्ही माणसंही विसरू लागलात, तेव्हा डॉक्टरांनी गोळी हळूहळू बंद केली. तुम्ही ताळ्यावर आलात. म्हशींची नावं, बांधावरची भांडणं, सगळं सांगू लागलात. मी बोट पुढे केलं. "हे कुणी केलं?"

तुम्ही बघितलंत. "आठवतंय."

मला एकच वाक्य हवं होतं.

"आदी गोळी दे. मग सांगतो."

"नाही देणार."

"मग न्हाई सांगत."

सौदा करत होता तुम्ही! माझ्या बोटाचा! मी दिली नाही, तर जीपवाल्याकरवी पौडहून मागवलीत. दीड महिन्यात हात स्थिर झाला. मी जेवण घेऊन आले तर म्हणालात, "कुनाची गं तू?"

"तुमची. मंदा."

"आमची मंदा ल्हान हाय. लई हुशार, पाढं येत्यात तिला."

परक्या बाईला सांगितलंत. मला कधीच नाही.

मेलात आणि सुटलात. मला हे माफ करता येत नाही. दादा म्हणतो, सोडून दे. तो पडवीत नव्हता.

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. आळी जेवायला येईल, जनाभाऊही. मला दोन शब्द बोलायचे आहेत. तुम्ही प्रेमळ होता असं मी म्हणणार नाही. पण जनाभाऊंकडे बघून सांगेन, की अप्पा पीत नव्हते. तो आजार होता. एवढं वचन देते. तुमच्याबद्दल चांगलं आणि खरं, दोन्ही असलेलं माझ्याजवळ एवढंच आहे.

मंदा